खुर्चीची पाठ

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक जुनी शिसवी खुर्ची आहे. कोणा घराण्याने जुने घर सोडताना ती शाळेला देऊन टाकली, असे जुने शिक्षक सांगतात. तिचा डावा हात सांध्यातून निखळला आहे, त्यामुळे तिच्यावर कोणी बसत नाही. रजिस्टरांचे गठ्ठे तेवढे ठेवलेले असतात. पण तिची पाठ पाहण्यासारखी आहे. मधोमध फुलदाणीच्या आकाराची एक उभी फळी, तिला माणसाच्या कण्यासारखा हलका बाक. फळीच्या वरच्या भागात जाळी कापलेली. आणि सगळ्यात वरच्या आडव्या पट्टीवर द्राक्षाची वेल. पाने, घड, वेलीचे गुंतलेले धागे, सारे लाकडातूनच उठवलेले.

एकदा सातवीतला एक मुलगा वह्यांचा गठ्ठा घेऊन आला. खुर्चीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ये कुर्सी अंग्रेजों की है ना?" मी वह्या मोजत होतो. मान वर न करता "हां" म्हणून टाकले. मुलगा गेला, पण ते उत्तर मला टोचत राहिले. मी इतिहास शिकवतो. ज्या वस्तूबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते, ती मी एका शब्दात इंग्रजांच्या नावे करून दिली होती.

मराठीत पाठ म्हणजे शरीराची मागची बाजू आणि पाठ म्हणजे धडाही. उर्दूत पाठीला पुश्त म्हणतात आणि पिढीलाही पुश्तच म्हणतात. वंशावळीच्या तक्त्याला उर्दू-फारसीत 'कुर्सीनामा' असा शब्द आहे. तेव्हा या खुर्चीच्या पुश्तीचा कुर्सीनामा काढून पाहावा, असे मनाने घेतले. वर्ष-दीड वर्ष मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

शब्दाची पुश्त

सुरुवात नावापासून करू. मराठीतली 'खुर्ची' ही अरबी 'कुर्सी'. पण अरबीतही हा शब्द पाहुणाच आहे. तो आरामी भाषेतून आला आणि त्यामागे प्राचीन इराकमधल्या अक्कादी भाषेतला 'कुस्सू' हा शब्द आहे. म्हणजे आपण रोज उच्चारतो तो शब्द चार हजार वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. सूरह बकरातील २५५ वी आयत 'आयतुल कुर्सी' म्हणून लहान मुलांनाही पाठ असते. तिथला कुर्सीचा अर्थ आपल्या लाकडी खुर्चीचा नाही, हे मुफस्सिरांनी विस्ताराने सांगितले आहे. पण शब्दाचा मान त्यामुळे वाढला हे खरे. कैरोच्या जुन्या मशिदींत कुराणशरीफ ठेवण्याच्या उंच, नक्षीदार बैठकीलाही कुर्सी म्हणत. मोरोक्कोतल्या फेज शहरात करावीन मशिदीत ज्या आसनावर बसून आलिम शिकवत, तीही कुर्सीच. आपण विद्यापीठात 'अध्यासन' म्हणतो, त्याचेच हे जुने रूप. उर्दूत घराच्या जोत्यालाही कुर्सी म्हणतात.

खुर्चीच्या पाठीवर नक्षी काढण्याची हौसही फार जुनी दिसते. १९२२ मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली. तिच्यात सोन्याने मढवलेले एक लाकडी सिंहासन होते. त्याच्या पाठीवर राजा बसलेला, राणी त्याच्यासमोर उभी आणि वरून सूर्याची किरणे दोघांवर उतरताहेत, असे चित्र आहे. राजा त्या खुर्चीवर बसला की चित्र झाकले जाणार. म्हणजे ते बसणाऱ्यासाठी नव्हतेच. खुर्ची रिकामी असताना तिच्यासमोर उभे राहणाऱ्यांसाठी होते. पुढे कित्येक देशांत हेच झाले. बसणाऱ्याला आपल्या खुर्चीची पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यांनी पाहायची असते, आणि बसणारा कोण आहे हे ओळखायचे असते.

आपल्या मुलखात बहुतेक बैठक जमिनीवरची. टेकायला लोड आणि तक्क्या. मोगल बादशहा तख्तावर बसत तेही बहुधा मांडी घालून, लोडाला टेकून. शाहजहानचे मयूरासन १६३५ मध्ये पुरे झाले आणि १७३९ मध्ये नादिरशहाने ते लुटून नेले, हे आपण शाळेत शिकतो. पण उंच आसनावर पाय खाली सोडून बसणे इथे कोणाला ठाऊकच नव्हते, असे नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात बुद्ध असा बसलेला आहे, जसा आज आपण खुर्चीवर बसतो. गंमत अशी की, त्या लेण्याचे छत लाकडी वाशांसारखे कोरलेले असल्याने लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात.

चीनची फळी

आता आमच्या खुर्चीच्या मधल्या फळीकडे येतो. तिचे घराणे चीनमध्ये सापडते.

चिनी लोकही पूर्वी चटईवर बसत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांच्याकडे बाहेरून घडीची बैठक आली. तिला त्यांनी नावच 'हूचुआंग' दिले, म्हणजे परक्यांची बैठक. पुढे बौद्ध भिक्षूंबरोबर हिंदुस्थान आणि मध्य आशियातून उंच आसनाची रीत तिकडे रुजली, असे बरेच अभ्यासक मानतात. सोंग राजवटीत (९६०–१२७९) खुर्ची चिनी घरांत सर्रास दिसू लागली. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) तिथल्या सुतारांनी तिला असे रूप दिले की, आजही जाणकार त्याला नावाजतात. दोन उभे दांडे, वर एक आडवी पट्टी आणि मध्ये एकच उभी फळी. ही फळी सरळ नसे. माणसाच्या कण्याला जसा बाक असतो तसा तिला बाक दिलेला असे. नक्षी थोडीच, फळीच्या वरच्या भागात एखादे गोल फूल किंवा ढगाची आकृती. बाकी सारी शोभा लाकडाच्या रेषांची.

युरोपात त्या काळी पाठ सरळसोट असे. सतराव्या शतकात श्रीमंतांच्या खुर्च्यांना उंच पाठ, वर कोरलेला मुकुट, बाजूला पिळाचे कातीव खांब. १६६१ च्या करारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मुंबई मिळाली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेताने विणलेल्या पाठींची चलती झाली. हा वेत ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पूर्वेकडून नेत. त्याच जहाजांतून चिनी सामान आणि चिनी चित्रेही जात होती. १७०० नंतर, राणी ॲनच्या कारकिर्दीच्या (१७०२–१७१४) सुमारास, इंग्रज सुतारांनी बाकदार मधली फळी उचलली. तिला फुलदाणीचा आकार दिला. आज पुस्तकांत तिला 'क्वीन ॲन' शैली म्हणतात. राणीचे नाव राहिले, चिनी सुताराचे गेले.

पुस्तकातली खुर्ची

यानंतरचे मोठे नाव थॉमस चिपेंडेल यांचे. जन्म १७१८, यॉर्कशायरमधल्या ओटली गावी. १७५४ मध्ये लंडनला त्यांनी 'द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर' हे १६० चित्रपटांचे पुस्तक काढले. गिऱ्हाइकाने चित्र दाखवावे, सुताराने तसे घडवावे, अशी सोय. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच तीन घाट सांगितले होते, गॉथिक, चिनी आणि आधुनिक. गॉथिक पाठीवर चर्चच्या खिडकीसारख्या टोकदार कमानी, चिनी पाठीवर आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी आणि आधुनिक म्हणजे फ्रेंच वळणाची पाठ. काही पाठींवर तर कापडी फितीची गाठ वाऱ्यावर उडते आहे, असे लाकूड कोरलेले.

इतके बारीक कोरायला साधे लाकूड चालत नाही. ते तुटते. त्यासाठी महोगनी हवी. १७२१ मध्ये इंग्लंडने अमेरिकेकडच्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैका, होंडुरास भागातली महोगनी लंडनला येऊ लागली. ती जंगलात तोडणारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. दिवाणखान्यातल्या त्या नाजूक फितीच्या मागे त्यांचे घाव आहेत. खुर्चीच्या वंशावळीत त्यांना कोणी जागा दिली नाही.

चिपेंडेल यांच्यानंतर दोन नावे येतात. जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी १७८८ मध्ये त्यांच्या नमुन्यांचे पुस्तक छापले. ढालीच्या आकाराची पाठ आणि तिच्यात गव्हाची पेंढी किंवा तीन पिसे, ही त्यांची ओळख. थॉमस शेरेटन यांनी १७९१ पासून चित्रांचे पुस्तक भागाभागांनी काढले. त्यांनी ढाल सोडून चौकोनी पाठ घेतली, तिच्यात सरळ बारीक उभ्या पट्ट्या. शेरेटन चित्रकला शिकवून पोट भरत, धर्मोपदेशही करत, आणि १८०६ मध्ये गरिबीतच गेले. आमच्या पेशातला माणूस, म्हणून त्यांच्याबद्दल वाचताना जरा जास्तच वाटले. पण खरी नवलाची गोष्ट वेगळी आहे. हेपलव्हाइट किंवा शेरेटन यांनी स्वतः घडवली असे खात्रीने म्हणता येईल अशी एकही खुर्ची आज दाखवता येत नाही. जगभर ज्या खुर्च्यांवर त्यांची नावे लावली जातात, त्या घडवल्या कोणा दुसऱ्याच सुतारांनी. पुस्तक छापणाऱ्याचे नाव टिकले. पटाशी चालवणाऱ्याचे टिकले नाही.

वॉलपोलची चूक

आता जो प्रसंग सांगतो, त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

होरेस वॉलपोल (१७१७–१७९७) हे इंग्लंडचे नामांकित लेखक. वडील पंतप्रधान होते. लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यांनी स्ट्रॉबेरी हिल नावाचे घर जुन्या गॉथिक धाटणीत सजवले. त्यासाठी ते जुने इंग्रजी सामान शोधत असत. त्यांना आबनूसाच्या काळ्याभोर खुर्च्या मिळाल्या. पाठीला पिळाचे खांब, त्यांच्यामध्ये कातीव दांड्यांची रांग आणि आडव्या पट्ट्यांवर दाट फुले-पाने. वॉलपोल यांनी ठरवून टाकले की, या सोळाव्या शतकातल्या, ट्यूडर राजांच्या काळातल्या अस्सल इंग्रजी खुर्च्या. थोर माणसाचे मत म्हणून इतरांनीही ते उचलले. जुन्या इंग्लंडचा नमुना म्हणून अशा खुर्च्या श्रीमंतांच्या वाड्यांत जाऊन बसल्या. हा समज एकोणिसाव्या शतकातही बराच काळ टिकला.

खरे काय होते? त्या खुर्च्या सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर, कोरोमंडलला, इथल्या कारागिरांनी युरोपीय व्यापाऱ्यांसाठी घडवलेल्या होत्या. पिळाचे खांब युरोपी, फुलापानांची दाटी इथली. आपल्या किनाऱ्यावरच्या सुताराचे काम इंग्लंडचे अस्सल वडिलोपार्जित काम म्हणून बराच काळ मिरवत होते.

हे वाचले तेव्हा मला आधी हसू आले आणि मग आमच्या स्टाफरूममधले माझे "हां" आठवले. वॉलपोल यांनी हिंदुस्थानी खुर्ची इंग्रजी मानली. मीही तेच केले. फरक एवढाच की, त्यांना अभिमान मिरवायचा होता आणि मला वह्या मोजायच्या होत्या.

अस्सल आणि परके यांच्या गोष्टी आपल्यालाही नव्या नाहीत. घरी मराठी, मदरशात अरबी, शाळेत उर्दू असे वाढलेल्या माणसाला "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आयुष्यात कितीदा तरी ऐकावा लागतो. सात पुश्ती इथल्या मातीत गेलेल्या असल्या तरी. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. तोही वह्या मोजत असतो. पण खुर्चीसारखी मुकी वस्तूसुद्धा एका शब्दाच्या उत्तरात मावत नाही, तर माणूस कसा मावेल?

कुर्सीनशीन आणि बाकीचे

इंग्रजी अमलात खुर्ची इथे सरकारी रुबाबाची वस्तू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाब आणि आसपासच्या भागांत 'कुर्सीनशीन' असा दर्जाच होता. साहेबाच्या भेटीला गेल्यावर ज्या हिंदी गृहस्थाला बसायला खुर्ची मिळेल, त्याला तसा लेखी दाखला दिला जाई. बाकीच्यांनी उभे राहायचे. आपल्याच देशात, आपल्याच सुताराने घडवलेल्या खुर्चीवर बसण्यासाठी दाखला! 'कुर्सी' या शब्दाला राजकारणात आजही जो वास येतो, त्याचे एक मूळ इथे असावे.

पण त्याच शतकात साध्या माणसाच्या खुर्चीचीही कहाणी घडत होती. इंग्लंडमध्ये हाय विकम गावाच्या आसपास बीचच्या जंगलात कातारी राहत. झाडाच्या लवचीक फांदीच्या जोरावर फिरणाऱ्या साध्या कातयंत्रावर ते खुर्चीचे पाय आणि पाठीचे दांडे घडवत आणि गावातल्या कारखान्यांना विकत. याला विंडसर खुर्ची म्हणतात. वाफेवर वाकवलेली कमान, तिच्यात बारीक दांडे आणि मध्ये एका फळीत कोरलेले चाक. एवढीच काय ती नक्षी. १८७५ च्या सुमारास त्या गावात रोज सुमारे ४,७०० खुर्च्या होत, असे सांगतात.

मिखाएल थोनेट (जन्म १७९६) या जर्मन सुताराने तर नक्षी कोरणेच बंद केले. बीचच्या दांड्या वाफवून त्याने वाकवल्या. १८५९ मधल्या त्याच्या १४ नंबरच्या खुर्चीत लाकडाचे फक्त सहा भाग होते, दहा स्क्रू आणि दोन नट. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान एकाच दांडीची, तिच्या आत दुसरी लहान कमान. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. १९३० पर्यंत पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या, असे म्हणतात. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे आपण ज्या खुर्चीवर बसून बनमस्का खाल्ला, ती याच घराण्यातली. १९०४ पासूनच्या कयानीत आणि तशा इतर जुन्या दुकानांत ती दिसते. इराणहून आलेल्या पारशांनी आणि मुसलमानांनी ही हॉटेले चालवली आणि तिथे हमाल नि वकील एकाच पाठीच्या खुर्चीवर बसले. दाखला कोणी मागितला नाही.

द्राक्षाची वेल

राहिली आमच्या खुर्चीवरची जाळी आणि वेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत शिसवीच्या कोरीव सामानाचा मोठा धंदा होता. 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ते परदेशातही जाई. आकार युरोपी, पण सगळी पाठ आरपार कोरून तिच्यात पाने, फुले, पक्षी भरलेले. उत्तरेत सहारनपूरचे शिसमकाम आजही प्रसिद्ध आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी आणि द्राक्षवेल कोरणाऱ्यांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत. आमची खुर्ची मुंबईची की आणखी कुठली, हे मी सांगू शकत नाही, कारण तिच्यावर कोणाचे नाव नाही. पण तिची फळी चीनकडून इंग्लंडमार्गे आली, तिचे नाव इराकमधून आले, लाकूड इथले आणि वेल कोरणारा हातही इथला, एवढे सांगता येते.

हे सारे मी सातवीच्या वर्गाला स्टाफरूममध्ये नेऊन सांगितले. नकाशावर बोट फिरवून दाखवले. पहिले उत्तर चुकले होते, हेही सांगितले. ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा सगळ्यात मागे उभा होता. सगळे गेल्यावर तो पुढे आला आणि वेलीवर बोट फिरवत हळूच म्हणाला, "सर, मेरे अब्बू भी ऐसा ही काम करते हैं. जोगेश्वरी में."

मी विचारले, "मग त्या दिवशी इंग्रजांची का म्हणालास?"

तो म्हणाला, "इतनी अच्छी थी, इसलिए."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याचे अब्बू हत्यारांची पिशवी घेऊन आले. निखळलेला हात त्यांनी साफ केला, सरस लावून सांध्यात बसवला आणि दोरीने आवळून ठेवला. मग पाठीच्या मागे जाऊन बराच वेळ पाहत राहिले. "हाथ का काम है," एवढेच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी दोरी सोडली. रजिस्टरांचे गठ्ठे आता कपाटात ठेवतो.